एक प्यादं हरवलं तर मिळेल का?

बुद्धिबळाचा संच विकणाऱ्याला मी पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही. मी विचारतो, "यातलं एक प्यादं हरवलं, तर तेवढं एकच मिळेल का?" भेटवस्तूंच्या दुकानात या प्रश्नावर माणूस नुसता बघत राहतो. जिथे क्रिकेटच्या बॅटी आणि कॅरमचं बोरिक पावडर एकाच फळीवर असतं, तिथे उत्तर येतं, "काका, दुसरा सेटच घ्या ना, अडीचशेला तर आहे." ज्याच्याकडे फक्त बुद्धिबळाचंच सामान असतं, तो मात्र मलाच विचारतो, "पांढरं की काळं? राजाची उंची किती? बुडाला चिकटवलेलं बनातीचं कापड हिरवं आहे की तपकिरी?" असं उलट विचारणारा भेटला की मी चष्मा पुसून निवांत बोलायला बसतो.

मी मिरजेचा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं काढली. त्यामुळे काट्यावर ठेवल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही खोड लागली ती लागलीच. आता रविवारी सकाळी गल्लीतल्या पंधरा-वीस पोरांना बुद्धिबळ शिकवतो. दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून पोरी वाढल्यात आणि पालकांचे फोनही. प्रत्येकाचा प्रश्न तोच, "काका, कुठला सेट घेऊ?" दर वेळी अर्धा तास जातो. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधी माझी फजिती. निवृत्तीच्या वर्षी मी एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून स्वतःसाठी लाकडी संच मागवला. फोटोत राजा असा काही उभा होता, की मी नुसती उंची वाचली, साडेचार इंचाला जरा कमी, आणि खूश झालो. पट वेगळा घेतला, सोळा इंची, कारण तो आमच्या टीपॉयवर बसत होता. पार्सल आलं, सोंगट्या मांडल्या. राजाच्या बुडाचा व्यास ४८ मिलिमीटर आणि पटाचं एक घर ४५ मिलिमीटर! राजा स्वतःच्याच घरात मावेना. वजीर शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला, उंट हलवायला गेलं की घोडा सरकायचा. गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणात निघालेली एसटी बघावी, तसा पट दिसत होता. परत पाठवायला गेलो तर मुदत उलटून गेलेली. तो संच अजून माळ्यावर आहे.

तेव्हा माप आधी, बाकी सगळं नंतर. फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची मापं ठरलेली आहेत आणि ती पाठ करायला फार अवघड नाहीत. राजा साडेनऊ सेंटिमीटर, वजीर साडेआठ, उंट सात, घोडा सहा, हत्ती साडेपाच, प्यादं पाच. थोडं इकडेतिकडे चालतं. बुडाचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के असावा. पटाचं घर पाच ते सहा सेंटिमीटरचं. पट आणि सोंगट्यांचं जमतं की नाही, हे बघायला पट्टी लागत नाही. एकाच घरात चार प्यादी दाटीने उभी करायची. बरोबर बसली तर जोडी जमली. बाहेर सांडली तर पट लहान, मध्ये बोट जाण्याएवढी फट राहिली तर पट मोठा. ऑनलाइन घेताना हे करता येत नाही, तिथे दुकानदाराला राजाच्या बुडाचा व्यास विचारा आणि तो आकडा पटाच्या एका घराच्या लांबीने भागा. उत्तर पाऊण किंवा त्याच्या किंचित वर आलं पाहिजे. साडेनऊच्या राजाचं बूड ४३ मिलिमीटर असेल तर ५५ किंवा ५७ चं घर उत्तम. उंची सगळेच लिहितात. बुडाचा व्यास जो न विचारता लिहितो, त्या दुकानाला माझ्याकडून दहातले दोन गुण तिथेच.

आता पोरांसाठी. नुकत्याच शिकायला लागलेल्या मुलाला लाकडी संच घेऊ नका. आजोबांना नातवासाठी लाकडीच घ्यायचा असतो, मला कळतं ते. पण घोड्याचा कान पहिल्या आठवड्यात जातो, पोराला ओरडा बसतो, आणि नंतर ते पटाला हात लावायलाही घाबरतं. प्लास्टिकचा घ्या, पण वजन घातलेला. पोकळ प्लास्टिकच्या सोंगट्या आमच्या वर्गात पंखा चारवर गेला की आडव्या होतात. वजनाच्या सोंगटीच्या बुडात लोखंडाचा तुकडा असतो. ती हातात बसते, ठेवली की ठेवल्यासारखी राहते. दुकानदार 'डबल वेटेड', 'ट्रिपल वेटेड' म्हणतात, त्या शब्दांना काही प्रमाण नाही. एकाचं ट्रिपल ते दुसऱ्याचं डबल. सरळ विचारायचं, "राजा किती ग्रॅम?" मी सुनेचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरतो (कणीक मोजायचा आहे तो, तिला माहीत आहे). वर्गातल्या संचांतला राजा ४४ ते ४६ ग्रॅम भरतो आणि सहा वर्षांत त्यांतली एकही सोंगटी फुटलेली नाही.

घेतल्यावर प्रत्येक सोंगटी कानाशी धरून हलवा. आत खुळखुळलं तर वजन सुटलेलं आहे, ती बदलून मागा. आणि वजीर मोजा. चार हवेत, म्हणजे एकूण ३४ सोंगट्या. प्यादं आठव्या घरात पोचलं की त्याचा वजीर करतात, तेव्हा जादा वजीर नसला की पोरं हत्ती उलटा ठेवतात आणि वजीर म्हणून चालवतात. स्पर्धेत पंच तो हत्तीच धरतात. आमच्या एका मुलीचा जिंकलेला डाव असा हातातून गेला. रडून लाल झाली होती. घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागता येतो, हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. चूक माझी.

पोरांना पट गुंडाळायचाच घ्या. साध्या व्हिनाइलचा स्वस्त पडतो, पण गुंडाळून ठेवला की कडा वर येतात. रात्रभर गादीखाली ठेवायचा. खाली रबर असलेला, माऊसपॅडसारखा पट थोडा महाग असतो, पण टाकला की सपाट पडतो. गुंडाळताना छापील बाजू बाहेर. रंग हिरवा-पांढरा किंवा तपकिरी-पांढरा, चकाकी नको, ट्यूबलाइट त्यात दिसायला लागली की डोळे दुखतात. आणि पैसे देण्याआधी पट समोर ठेवून बघा, उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं आहे ना, आणि तिथे एच-१ छापलंय ना. हसू नका. अक्षरं नव्वद अंशांत फिरवून छापलेला पट मी सांगलीच्या बाजारात स्वतः बघितलाय.

लाकडी संचाकडे आता येतो, कारण माझा जीव तिथे आहे.

आज जगभर ज्या घडणीच्या सोंगट्यांनी खेळतात, त्या घाटाला स्टॉन्टन म्हणतात. १८४९ साली नॅथॅनियल कुक याने हा घाट लंडनमध्ये नोंदवला, जॅक्स कंपनीने तो बनवून विकायला काढला, आणि त्या काळच्या मोठ्या खेळाडूचं, हॉवर्ड स्टॉन्टनचं नाव त्याला दिलं. त्याआधी देशोदेशीचे घाट इतके वेगळे, की परक्या पटावर उंट कुठला आणि वजीर कुठला हेच कळायचं नाही. लंडनच्या त्या घाटाचे लाकडी संच आज मोठ्या प्रमाणावर अमृतसरमध्ये बनतात. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिने तिथल्या नावाजलेल्या दुकानातून संच घेतला आणि मला मोठ्या कौतुकाने फोटो पाठवला. मी विचारलं, "कुठे बनलाय बघ." खोक्यावर 'मेड इन इंडिया'. दुकानाला विचारलं तर अमृतसर. तिकडची दुकानं घाट निवडतात, तपासणी करतात, सडका माल परत पाठवतात, त्याचे पैसे घेतात, त्यात चूक काही नाही. पण आपल्याला अमृतसरहून थेट मागवता येत असताना दोन समुद्र फिरून आलेला कशाला घ्या?

मी २०१९ ला सुवर्णमंदिराच्या दर्शनाला गेलो तेव्हा वाट वाकडी करून अशा एका कारखान्यात गेलो होतो. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक अंगण. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर उतरतात. कातारी पटाशी लावून धरतो, भुसा उडतो, आणि बघता बघता प्याद्याची मान तयार. घोडा मात्र लेथवर होत नाही. त्याचं डोकं आडव्या फळीतून कापून घेतात आणि मग एकच माणूस ते हाताने कोरतो. मी बघत होतो तो कारागीर साठीचा असावा. मांडीवर गोणपाट, डाव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, आणि पुढ्यात बोटाएवढ्या पटाश्या ओळीने. आधी त्याने कानांमधली खाच काढली. मग जबड्याची रेघ. मग आयाळीचा एकेक केस, पटाशी आपल्याकडे ओढत नाही, पुढे ढकलतो, आणि दर दोन-तीन रेघांनंतर फुंकर. नाकपुडी शेवटी. ती करताना त्याने श्वास धरला होता, हे मला तिथे उभं राहून दिसलं. "चांगल्या मालातल्या एका घोड्याला अख्खी सकाळ जाते," असं तो म्हणाला. संचात घोडे चार. आता लाकडी संचाच्या किमती एवढ्या का फिरतात, ते तुमचं तुम्हीच बघा.

म्हणून लाकडी संच घेताना घोड्याचे फोटो मागवा, समोरून, बाजूने, मागून. चारही घोडे एका ओळीत उभे करून. हातकामात उन्नीस-बीस असणारच, पण एक घोडा म्हैस आणि दुसरा उंदीर असं नको. स्वस्त संचात आयाळ म्हणजे चार ओरखडे, आणि खालचा जबडा मानेतून सुटाच झालेला नसतो. डोकं आणि बैठक जिथे जोडलीय तिथे डिंक बाहेर आलाय का, तेही बघा. जो विकणारा साइटवरचाच फोटो पुन्हा पाठवतो, त्याला सोडा. खरं दुकान तुमच्या नावाचा संच टेबलावर मांडून मोबाइलने फोटो काढतं, मागे चहाचा कप दिसतो. असल्या फोटोवर माझा विश्वास.

लाकडाच्या नावांत मोठी गंमत आहे. पांढऱ्या बाजूचं लाकूड बहुधा बॉक्सवुड, पिवळसर, बारीक नसेचं (नस म्हणजे लाकडातली रेघ), कोरायला उत्तम. काळ्या बाजूला नावं फसवतात. 'गोल्डन रोझवूड' म्हणजे शिसम. आपण जुन्या वाड्यातल्या देवघराला शिसवी म्हणतो ते लाकूड वेगळं, त्याला दुकानात नुसतं रोझवूड म्हणतात. 'बड रोझवूड' म्हणून जे लालभडक विकतात ते बहुतेक ठिकाणी आफ्रिकेतलं पडौक, दिसायला सुंदर, पण उजेडात वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होत जातं. खरं काळं म्हणजे एबनी, आपलं आबनूस. ते सगळ्यात महाग आणि सगळ्यात हट्टी, कोरड्या हवेत चिरतं. आणि 'एबनाइज्ड' असं लिहिलं असेल तर ते आबनूस नाही, काळा रंग दिलेलं बॉक्सवुड आहे. त्यात वाईट काही नाही, माझा रोजचा संच तोच आहे. फक्त रंग पक्का हवा. मी आधी एक घेतला होता, त्याने एप्रिलच्या घामात पोरांची बोटं काळी केली. आता पार्सल उघडलं की ओल्या पांढऱ्या रुमालाने एक काळं प्यादं घासून बघतो.

परदेशात भाच्या-पुतण्यांना पाठवायचा असेल तर शिसम आणि शिसवीचे नियम आधी विचारून घ्या. २ जानेवारी २०१७ पासून त्या जातीची जवळजवळ सगळी झाडं 'साइट्स', म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आली आणि निर्यातीला कागदपत्रं लागायला लागली; पुढे २०१९ च्या अखेरीस छोट्या तयार वस्तूंना सूट मिळाली. दुकान स्वतः परदेशी पाठवत असेल तर त्यांचं ते बघतात. तुम्ही कुरिअरवाल्याकडे घेऊन जाणार असाल तर बॉक्सवुड आणि रंगवलेलं बॉक्सवुड बरं.

लाकडी सोंगटीच्या बुडाला भोक पाडून आत शिसं किंवा लोखंड बसवतात आणि वरून बनात चिकटवतात. जास्त वजन म्हणजे जास्त चांगला, असं मात्र समजू नका. लाकूड ऋतूप्रमाणे आक्रसतं-फुगतं, आतला धातू हलत नाही. ओल्या लाकडात ठासून वजन भरलेलं असलं की पहिल्या उन्हाळ्यात बैठकीला उभी चीर जाते. म्हणून दुकानदाराला विचारा, "लाकूड किती दिवस सुकवलंय, आणि चीर गेली तर काय करता?" पहिल्याचं उत्तर कुणीही गोड देईल, दुसऱ्याचं लेखी घ्या. माझ्या संचातला राजा ५८ ग्रॅमचा आहे. मला तेवढा पुरतो.

लाकडी पटाबद्दल थोडक्यात. अखंड लाकडाचा पट ऐकायला भारी वाटतो, पण पावसाळ्यात वाकतो, कोकणात तर हमखास. खाली एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला पट सपाट राहतो. मधून बिजागरी असलेला घडीचा पट मला आवडत नाही, बरोबर मधल्या चार घरांतून फट जाते आणि डाव तर तिथेच पेटतो.

घड्याळात कंजुषी करू नका, पण हौसही नको. चावीचं जुनं घड्याळ माझ्याकडे आहे, वेळ संपल्यावर त्यातला छोटा झेंडा पडताना जो टक् आवाज येतो तो कुठल्या बॅटरीत नाही. पण आज ते स्पर्धेला चालत नाही, कारण हल्ली प्रत्येक खेळीला सेकंद वाढतात. अमेरिकेचा माजी जगज्जेता बॉबी फिशर याने १९८८ साली पेटंटचा अर्ज केला ती ही कल्पना. दीर्घ डावाला ९० मिनिटं आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंद, हे आता पोरांनाही पाठ आहे. घड्याळ घेताना एवढंच बघा, की असं वाढीव वेळेचं गणित त्यात बसवता येतं का. डच कंपनी डीजीटीची घड्याळं मोठ्या स्पर्धांत दिसतात, डीजीटी ३००० ची किंमत ऐकून घाम फुटेल, पण टिकतं. घरी आणि वर्गाला साधं देशी डिजिटल चालतं. फक्त पावती आणि हमी त्याच दुकानाची घ्या, आणि दुकानदाराकडून ९०-३० लावून दाखवायला सांगा. ज्याला स्वतःला लावता येत नाही, तो दुरुस्ती काय करणार? जिल्ह्याच्या बऱ्याच स्पर्धांच्या पत्रकात 'पट व घड्याळ स्वतः आणावे' असं असतं, तेव्हा ते कधी ना कधी लागणारच.

आता माझा प्रांत, पार्सल. ऑर्डर देताना सांगा, प्रत्येक सोंगटी वेगळी गुंडाळा. वजनाचा राजा मोकळा राहिला तर मनमाड येईपर्यंत घोड्याचे कान झाडून टाकतो. खोकं हातात आलं की आधी कोपरे बघा. कोपरा दबलेला असेल तर कुरिअरवाल्याला थांबवून तिथेच फोटो काढा. मग मोबाइल कुणाच्या तरी हातात देऊन, टेप कापण्यापासून शेवटची सोंगटी मोजेपर्यंत एकच अखंड व्हिडिओ. मधे थांबवू नका, नंतर वाद तिथेच होतो. ३४ मोजा, उलट्या करून बुडाची बनात बघा, सगळ्या टेबलाच्या काचेवर ठेवा आणि बोटाने टिचकी मारा. डुलली ती बुडाला सपाट नाही. लाकडी संच असेल तर दोन दिवस खोलीतच राहू द्या, उन्हात नाही, कूलरसमोर नाही. परत करायचा असेल तर दुकानाचं मूळ खोकं लागतं, तोवर ते रद्दीत घालू नका. आमच्या घरात हे दोनदा झालंय.

किरकोळ दुरुस्ती आपली आपण. बनात सुटली तर जुनी खरवडून नवी फेव्हिकॉलने चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. घोड्याचा कान तुटला तर तुकडा जपून ठेवा. मिरजेत राहण्याचा हा फायदा, मी आमच्या सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या मित्राने तंबोऱ्याचं काम बाजूला ठेवलं, माझा घोडा उजेडात धरला, आणि म्हणाला, "याला नस आडवी आलीय, कान जाणारच होता." त्याने तो असा बसवला आणि वरून चपड्याचं पॉलिश असं मारलं, की जोड आता मलाही सापडत नाही. पैसे घेतले नाहीत. त्याच्या नातवाला वर्गात फुकट घेतलं, हिशेब मिटला.

गेल्या दिवाळीत वर्गात एक काळं प्यादं हरवलं. माझ्या त्या बॉक्सवुडच्या संचातलं, अमृतसरहून मागवलेल्या. सगळ्या सतरंज्या झाडल्या, पोरांचे खिसे तपासले, नाही सापडलं. चार दिवस तिथे बाटलीचं बूच ठेवून खेळलो. मग दुकानाला फोन केला. पलीकडच्या बाईंनी संचाचं नाव आणि वर्ष विचारलं, आणि म्हणाल्या, उरलेल्या सातांपैकी एकाचा फोटो पट्टीसकट पाठवा. आठव्या दिवशी पाकीट आलं. आत प्यादं, आणि सोबत बनातीचा नखाएवढा जादा तुकडा, कुणी मागितला नव्हता.

ते प्यादं बाकीच्यांपेक्षा जरा जास्त काळं आहे, हात लागून लागून जुनी फिकी झालीयेत ना. पोरं त्याला 'नवीन ॲडमिशन' म्हणतात आणि मांडताना मुद्दाम राजाच्या पुढे ठेवतात.